मिग-२१ : बासष्ट वर्षे एकच विमान?

प्रश्न : २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. ही विमाने १९६३ मध्ये आली होती, असे वाचले. म्हणजे आपले वैमानिक बासष्ट वर्षांची जुनी विमाने उडवत होते का? एफएल, एम, बिस, बायसन ही वेगवेगळी विमाने की एकच? आणि ओझरचा मिगचा कारखाना यशवंतराव चव्हाणांनी नाशिकला नेला, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी सांगतात. ते कितपत खरे? – एक वाचक, कडेगाव (जि. सांगली)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण निरोपाच्या दिवसांत हा गैरसमज फार पसरला. बासष्ट वर्षांचे एकही मिग-२१ सप्टेंबरात उडत नव्हते. १९६३ मध्ये आली ती विमाने कधीच सेवेतून गेली. २०२५ मध्ये निवृत्त झाली ती ‘बायसन’ विमाने. त्यांचा मूळ सांगाडा ‘बिस’ या मॉडेलचा, आणि आपल्याकडे बिसचे उत्पादन १९८७ पर्यंत चालू होते. म्हणजे शेवटची विमाने चाळिशीच्या आसपासची होती. लढाऊ विमानासाठी हेही वय पुष्कळच झाले, पण बासष्ट नव्हे. सातारा-पुणे मार्गावर १९६३ मध्येही एसटी धावत होती आणि आजही धावते. गाडी तीच आहे, असे कोणी म्हणत नाही. मिगच्या बाबतीत मात्र नाव एकच राहिल्यामुळे विमानही एकच राहिले असावे, असा आपला समज झाला.

आता ही निरनिराळी मॉडेले का निघाली, ते पाहू. इथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण खरी गंमत याच भागात आहे.

सोव्हिएत रशियातल्या मिकोयान आणि गुरेविच यांच्या संस्थेने हे विमान आखले. त्याचे पहिले प्रायोगिक रूप १९५५ मध्ये उडाले. तेव्हाची गरज अगदी नेमकी होती : शत्रूचे बॉम्बफेकी विमान उंचावरून येत आहे, तर ताबडतोब उडायचे, आवाजाच्या दुप्पट वेगाने वर जायचे, त्याला पाडायचे आणि उतरायचे. म्हणून विमान लहान, हलके आणि एका इंजिनाचे केले. पंख त्रिकोणी, आणि नाकाच्या जागी हवा आत घेणारे गोल तोंड. त्या तोंडाच्या मध्यभागी एक शंकू बसवलेला असतो. वेग वाढला की तो पुढेमागे सरकून इंजिनाकडे जाणारी हवा आवरतो. रडार बसवायला जागा होती ती या शंकूच्या पोटातच. मिगच्या पुढच्या इतिहासातली निम्मी ओढाताण या एका गोष्टीतून निघाली. मोठे रडार हवे तर शंकू मोठा करावा लागतो, शंकू मोठा तर तोंड मोठे, आणि तोंड मोठे तर नाकाचा सगळा भाग नव्याने आखावा लागतो.

भारतात पहिली सहा विमाने आली ती एफ-१३ मॉडेलची. आपल्या हवाई दलाने त्यांना ‘टाइप-७४’ म्हटले. चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ती सोपवली गेली. स्क्वाड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर दिलबाग सिंग. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. या विमानाचा शंकू लहान होता. त्यातले रडार लक्ष्याचे अंतर तेवढे सांगे. अंधारात किंवा ढगात शत्रूला हुडकून काढणे त्याच्या आवाक्यात नव्हते. सोबतीला ३० मिलिमीटरची एक तोफ आणि दोन क्षेपणास्त्रे. स्वच्छ दिवशीचे लढाऊ विमान म्हणून ते उत्तम होते, पण तेवढेच.

ही उणीव भरून काढणारे मॉडेल म्हणजे एफएल, आपले ‘टाइप-७७’. शंकू मोठा झाला, त्यात शोध घेणारे रडार बसले, शेपटीचा उभा पंख रुंद झाला. पण वजन कुठेतरी कमी करायलाच हवे होते, म्हणून आतली तोफ काढून टाकली. त्या काळी जगभरच्या आखणीकारांची खात्री झाली होती की क्षेपणास्त्रे आल्यावर तोफेचे काम संपले. अमेरिकेनेही आपले फँटम विमान सुरुवातीला तोफेविनाच काढले होते. ही समजूत महागात पडली. त्या वेळची क्षेपणास्त्रे उष्णतेचा माग काढत जायची आणि लक्ष्याने जोरात वळण घेतले की चुकायची. दोन क्षेपणास्त्रे सुटली की वैमानिकाच्या हाती काही उरत नसे.

आपल्या हवाई दलाने यावर तोड काढली. विमानाच्या पोटाखाली टांगायची जोडनळीची २३ मिलिमीटर तोफ घेतली आणि ती एफएलवर बसवली. १२ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते याच तोफेने. आवाजाच्या दुप्पट वेगाचे अमेरिकी विमान आणि आवाजाच्या दुप्पट वेगाचे रशियन विमान समोरासमोर आले, आणि निकाल लागला जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी. रशियानेही हा धडा घेतलाच होता. नंतरच्या मॉडेलांत तोफ कायमची पोटात परतली.

१९७१ च्या त्याच युद्धात एफएलने आणखी एक काम केले, आणि ते त्याच्या आखणीत कुठेच नव्हते. ढाक्याजवळच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी ५०० किलोचे बॉम्ब टाकून फोडायची होती. उंचावरच्या विमानांना अडवण्यासाठी बनवलेले हे यंत्र वैमानिकांनी तीव्र उतारावर खाली झेपावत नेले आणि धावपट्टी निकामी केली. १४ डिसेंबरला गुवाहाटीहून निघालेल्या चार मिगनी ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या निवासस्थानावर रॉकेटे डागली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

युद्धातून हवाई दलाला एक गोष्ट स्पष्ट कळली : हे विमान जमिनीवर मारा करायलाही वापरावे लागणार. त्या दृष्टीने पुढचे मॉडेल ‘एम’, म्हणजे ‘टाइप-९६’, सोयीचे होते. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगायला दोन जागा होत्या, एमला चार. पाठीवरचा उंचवटा वाढला, पोटात तोफ आली. १९७३ पासून ते ओझरला बनू लागले. कारगिलमध्ये २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपल्या साथीदाराचा ठावठिकाणा शोधत गेले आणि परतले नाहीत, ते याच जातकुळीच्या विमानातून.

मग आले ‘बिस’, ‘टाइप-७५’. जागा वाढली, शस्त्रे वाढली, तसे विमान जडही झाले होते, म्हणून इंजिनच बदलले. एफ-१३ च्या इंजिनाचा जोर आफ्टरबर्नर लावून सुमारे ५,७४० किलो होता, बिसच्या आर-२५ इंजिनाचा ७,१०० किलो. शिवाय कमी उंचीवर अगदी अडचणीच्या वेळी तीनेक मिनिटे ९,९०० किलोपर्यंत जोर काढण्याची सोय होती. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान पाडले ते ४५ व्या स्क्वाड्रनच्या बिसने.

शेवटचे रूप बायसन. हे नवे बांधलेले विमान नव्हते, हे लक्षात घ्यावे. मिगची जागा घेणाऱ्या स्वदेशी तेजस विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, पण पहिले उड्डाण व्हायला जानेवारी २००१ उजाडले आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहायला जुलै २०१६. तोवर आकाश रिकामे ठेवता येत नव्हते. म्हणून १९९६ मध्ये १२५ बिस विमाने आतून नवी करण्याचा करार झाला. पहिली दोन रशियात झाली, बाकीची ओझरला. सांगाडा तोच, इंजिन तेच. पण कोप्यो हे नवे रडार, दूरवर मारा करणारी आर-७७ आणि जवळची आर-७३ क्षेपणास्त्रे, आणि वैमानिक मान वळवून जिकडे पाहील तिकडे नेम धरणारे शिरस्त्राण. शत्रूच्या रडारची चाहूल देणारे ‘तरंग’ हे यंत्र आपल्याच डीआरडीओचे. २००४ मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी हवाई दलाबरोबर सराव झाला, तेव्हा एफ-१५ उडवणाऱ्या पाहुण्यांनी या जुन्या चेहऱ्याच्या विमानाची आवर्जून दखल घेतली. लहान विमान रडारवर उशिरा दिसते आणि आता त्याच्याकडे लांबचा हात होता. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमानांशी झालेल्या चकमकीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान उडवत होते ते बायसनच.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. प्रत्येक नवे मॉडेल आधीच्याची एखादी खोड काढायला निघाले आणि त्यापायी काहीतरी गमावूनही बसले. रडार आले तेव्हा तोफ गेली. तोफ परत आली, तेव्हा वजन वाढले. काही गोष्टी मात्र सहाही दशके सुटल्या नाहीत. इंजिन एकच, इंधन थोडे, आणि उतरण्याचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर. त्रिकोणी पंखांमुळे उतरताना नाक बरेच वर राहते आणि समोरची धावपट्टी नीट दिसत नाही.

इथून ओघानेच ‘उडती शवपेटी’ या नावाकडे यावे लागते. पत्रात तुम्ही ते विचारलेले नाही, पण मिगचा विषय निघाला की ते नाव निघतेच. अपघात झाले, भरपूर झाले, हे कोणी नाकारू नये. मिग विमानांचे एप्रिल २०१२ पर्यंत ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले, असे तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते. प्रश्न असा की दोष विमानाचा किती? आपल्याकडे ८७० हून अधिक मिग-२१ आली. हवाई दलाच्या लढाऊ ताफ्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे त्यांचाच होता. त्यामुळे उड्डाणेही त्यांचीच जास्त आणि अपघातांची एकूण संख्याही त्यांचीच मोठी.

पण एवढे सांगून हात झटकता येणार नाहीत. एक कारण थेट माणसांनी टाळता येण्याजोगे होते. तरुण वैमानिक किरण या संथ प्रशिक्षण विमानावरून उतरायचा आणि जवळजवळ थेट मिग-२१ मध्ये बसायचा. मधली पायरीच नव्हती. ही पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असे ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये सांगितले होते. तशी हॉक विमाने हवाई दलात दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत ते काम जुन्या एफएल विमानांवर रेटले गेले. म्हणजे जे विमान सर्वांत जुने, तेच सर्वांत कोवळ्या वैमानिकांच्या हाती. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये मिगच्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर विमानसुरक्षेचा प्रश्न देशभर लावून धरला. त्या लढ्याची दखल घ्यावी लागली, हे मराठी वाचकांनी विसरू नये. माझे मत विचाराल तर ‘उडती शवपेटी’ हे नाव विमानावर अन्याय करणारे आहे, कारण त्यामुळे सव्वीस वर्षांच्या दिरंगाईवरचे लक्ष उडते. शेवटची एफएल विमाने डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा तळावर निवृत्त झाली.

आता चव्हाणसाहेबांचा प्रश्न. देवराष्ट्रे तुमच्याच तालुक्यातले, तेव्हा तुमची उत्सुकता समजू शकतो. वडीलधारी मंडळी सांगतात त्यात अर्धे तथ्य आहे. मिग-२१ घ्यायचे आणि ते भारतात बनवायचे, हे १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाआधीच ठरत आले होते. तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. पराभवानंतर मेनन गेले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतरावांनी संरक्षण खाते हाती घेतले. त्यानंतर ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, ते नाशिक मतदारसंघातून. म्हणजे विमानाची निवड त्यांच्या आधीची, त्यांची नव्हे.

पण कागदावरचा करार आणि कारखान्यातून बाहेर पडणारे विमान यांत फार अंतर असते. ते अंतर कापले गेले ते बरेचसे त्यांच्या कारकिर्दीत. मिगसाठी १९६३ मध्ये वेगळी सरकारी कंपनी स्थापन झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे आणि बंगळूरच्या जुन्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे विलीनीकरण होऊन आजची एचएएल उभी राहिली. त्याच वर्षी यशवंतराव आधी अमेरिकेला गेले. भारताला स्टारफायटर विमाने हवी होती, ती अमेरिकेने दिली नाहीत. पंडित नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना त्याच दौऱ्यात मिळाली. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले आणि मिगच्या उत्पादनाचे पक्के करून आले. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी विभागणी झाली. अमेरिकेने नाकारलेले तेच स्टारफायटर पाकिस्तानकडे होते आणि १९७१ मध्ये मिगने पाडले तेही तेच.

ओझरला सुरुवातीला रशियाहून आलेले सुटे भाग जोडले जात. नंतर हळूहळू पत्रा कापण्यापासूनचे काम इथे होऊ लागले. एफएल, एम आणि बिस मिळून शेकडो मिग-२१ तिथून बाहेर पडली. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय यांचे कामही त्याच कारखान्याने पेलले.

कुठे चौथऱ्यावर उभे केलेले मिग-२१ दिसले, तर मॉडेल तुम्हालाही ओळखता येईल. तोंडातला शंकू अगदी लहान असेल तर एफ-१३. शंकू मोठा आणि पंखांखाली एकेकच टांगणी असेल तर एफएल. त्याचे काचेचे छत पुढच्या बाजूला बिजागरी असलेले असते. पंखांखाली दोन-दोन टांगण्या, छत बाजूला उघडणारे आणि पोटाखाली तोफेच्या दोन नळ्या दिसल्या तर एम किंवा बिस. वैमानिकासमोरची काच मधल्या पट्ट्यांविना एकसंध असेल तर ते बायसन.

प्रश्न : मी सातारा सैनिक शाळेच्या प्रवेशाची तयारी करतो आहे. तेजस मार्क-१ आणि मार्क-१ए यांत ‘ए’ या एका अक्षराने काय बदलते? – एक विद्यार्थी, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : वरचे उत्तर वाचलेस तर निम्मे काम झाले. सांगाडा आणि इंजिन तेच आहे. बदलली ती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मार्क-१ च्या रडारची तबकडी हलून आकाश न्याहाळते. मार्क-१ए च्या एईएसए रडारमध्ये तबकडी हलत नाही. शेकडो लहान प्रक्षेपक विजेच्या संकेतांनी झोत वळवतात, त्यामुळे एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर राहते. शत्रूच्या रडारला चकवणारी यंत्रणाही नवी आहे. शिवाय दुरुस्तीला लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून आतली मांडणी सुधारली आहे. ही शेवटची गोष्ट बातम्यांत कमी येते, पण ताफ्यातली किती विमाने रोज उडू शकतात, हे तिच्यावर ठरते.

मार्क-१ए ची ८३ विमाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवली गेली आणि २५ सप्टेंबर २०२५ रोजी, मिगच्या निरोपाच्या आदल्या दिवशी, आणखी ९७ विमानांचा करार झाला. ओझरला बनलेले पहिले मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्याच धावपट्टीवरून उडाले. तू जिथे जाऊ पाहतोस ती सातारा सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. २००९ ते २०११ या काळातले हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक त्याच शाळेचे विद्यार्थी होते. अभ्यास मनापासून कर, आणि गणित सोडू नकोस.